हवेतून उष्णता घेणारा हीट पंप: लीड्समधील घरात आठ महिने वापरल्यानंतर

इंग्लंडमधील लीड्स शहरातल्या आमच्या तीन बेडरूमच्या जुन्या घरातला, पाणी तापवून घर गरम ठेवणारा गॅस बॉयलर काढून तेथे हवेतून उष्णता घेणारा हीट पंप बसवला, त्याला मेअखेर 8 महिने पूर्ण झाले. संपूर्ण हिवाळा पदरी पडल्याशिवाय मत द्यायचे नाही असे ठरवले होते, म्हणून इतके दिवस थांबलो.

प्रथम खर्च. पंप, 200 लिटरची गरम पाण्याची टाकी, तीन मोठे रेडिएटर (आतून गरम पाणी फिरवून खोली तापवणारी भिंतीवरची पॅनेल) आणि मजुरी धरून अंदाजपत्रक 12,500 पौंडांचे होते. इंग्लंड व वेल्समध्ये सरकारच्या बॉयलर अपग्रेड योजनेतून अनुदान म्हणून मिळणारे 7,500 पौंड बसवणारी कंपनीच परस्पर वजा करते, त्यामुळे आमच्या खिशातून 5,000 पौंड गेले. माळ्यावर उष्णतारोधक थर आधीच घातलेला होता. तो नसता तर पंपापूर्वी त्यावर खर्च करणे मी योग्य मानले असते.

या 8 महिन्यांत पंपाने 2,740 युनिट वीज घेऊन 9,600 युनिट उष्णता दिली, म्हणजे एका युनिटमागे साडेतीन युनिट. वीज साधारण 25 पेन्सने धरली तर खर्च 685 पौंड होतो. तेवढीच उष्णता 86 टक्के कार्यक्षमतेच्या बॉयलरमधून मिळवायची तर 6.4 पेन्स दराने सुमारे 714 पौंडांचा गॅस लागला असता. शिवाय गॅसजोडणीचा रोजचा स्थिर आकार, जो आता कायमचा बंद झाला, तो सुमारे 74 पौंड. बचत शंभर पौंडांच्या आसपास आहे, आणि केवळ तेवढ्यासाठी कोणी 5,000 पौंड घालावेत असे मी म्हणणार नाही. आमचा बॉयलर तसाही बदलायचा होता, हे येथे सांगितले पाहिजे.

वीज गॅसच्या जवळजवळ चौपट महाग असल्यामुळे या देशात सगळा हिशेब एका आकड्यावर येऊन ठेपतो: स्थिर आकार बाजूला ठेवला तर पंपाची कार्यक्षमता, म्हणजे एका युनिट विजेमागे मिळणारी उष्णता, 3.4 च्या वर राहिली तरच तो गॅसपेक्षा स्वस्त पडतो. आमच्याकडे सुरुवातीला हा आकडा गाठला जात नव्हता. बसवणाऱ्यांनी रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याचे तापमान 55 अंशांवर ठेवले होते, आणि ऑक्टोबरच्या सौम्य थंडीतही कार्यक्षमता 2.8 वर अडली होती. तक्रार केल्यावर ‘घर गरम होते आहे ना?’ एवढेच उत्तर मिळाले. हे उत्तर मला आजही खटकते, कारण ग्राहकाला बिल भरायचे असते आणि पंपाला जितके गरम पाणी मागावे तितके त्याचे श्रम वाढतात. ढोबळमानाने प्रत्येक अंशामागे दोन ते अडीच टक्के फरक पडतो. शेवटी मी स्वतः माहितीपुस्तिका वाचून तापमान 42 वर आणले आणि बाहेरच्या हवेनुसार ते आपोआप कमीजास्त होईल अशी सोय सुरू केली. नोव्हेंबरमध्ये कार्यक्षमता 3.7 झाली, जानेवारीच्या गोठवणाऱ्या दिवसांत 3.2 पर्यंत उतरली आणि एप्रिलमध्ये 4 च्या वर गेली.

डिसेंबरमध्ये नाशिकहून आई-बाबा आले होते. रेडिएटरला हात लावून तो कोमट लागताच आईने ‘हे बिघडलंय का रे?’ असे विचारले, आणि तिची शंका रास्त होती. हीट पंप मंद आचेवर दिवसभर चालवायचा असतो; बॉयलरसारखा सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तास लावला, तर घरही तापत नाही आणि वीजही जास्त जाते. आम्ही थर्मोस्टॅट दिवसा 20 आणि रात्री 18 अंशांवर ठेवतो.

दमट थंडीत पंपाच्या घराबाहेरच्या यंत्रावर बर्फ साचते आणि ते वितळवण्यासाठी पंप काही मिनिटे उलटा चालतो, म्हणजे आतली उष्णता बाहेर नेतो. त्या वेळी उठणारी वाफ पाहून पहिल्यांदा दचकायला झाले, पण घरातले तापमान त्यामुळे उतरलेले जाणवले नाही. आवाज शेजारच्यांना ऐकू येत नाही, हे त्यांना मुद्दाम विचारून घेतले. आंघोळीचे पाणी 48 अंशांवर पुरते. जंतू वाढू नयेत म्हणून आठवड्यातून एकदा टाकी 60 अंशांपर्यंत तापवली जाते.

उत्तरेकडची खोली मात्र जानेवारीत 18 च्या वर चढली नाही. प्रत्येक खोलीतून किती उष्णता बाहेर जाते याचे गणित मी कराराआधी लेखी मागायला हवे होते, आणि नव्याने बसवणाऱ्यांनी ते जरूर मागावे. त्या खोलीतला रेडिएटर ऑक्टोबरच्या आत बदलून घेणार आहोत. तो मोठा झाला की 42 चे तापमान आणखी दोन अंशांनी उतरवता येईल.