बाग कोणत्या पैशातून?

नाशिकला गोदाकाठी नवी बाग हवीच. पण पैसा वाहतूक निधीतून घ्यायचा की महापालिकेच्या उद्यान खात्यातून?

वाहतूक निधीची रक्कम मोठी, म्हणून मोह होतो. पण असा पैसा ठरावीक कामांसाठी बांधलेला असतो. उदाहरणार्थ, केंद्राचा रस्ते निधी पेट्रोल-डिझेलवरच्या उपकरातून उभा राहतो आणि त्यातला वाटा राज्यांना मिळतो. 2000 च्या कायद्याने तो मुख्यतः रस्त्यांसाठी बांधला; 2018 च्या दुरुस्तीने इतर पायाभूत सुविधाही त्यात आल्या. अमेरिकेत 1991 च्या कायद्याने वाहतुकीच्या पैशातून पायवाटा आणि सायकलमार्गांना वाट करून दिली. मला ती रेषा पटते. बागेतली वाट पंचवटीतल्या माणसाला शाळेपर्यंत, सिटीलिंक या शहर बसच्या थांब्यापर्यंत पायी नेत असेल, तर ती वाहतूकच आहे. कारंजं आणि हिरवळ मात्र नाही. थांब्यावर म्हातारी माणसं उन्हात उभी असताना तो पैसा कारंज्यात घालणं मला अन्यायाचं वाटतं.

उद्यान खात्याचा पैसा तोकडा, काम रेंगाळतं. तरी माळी, पाणी, दिवे यांचा खर्च दरवर्षीचा. तो घरपट्टीतूनच चालणार. शिवाय जाब वॉर्डातच विचारता येतो.

माझं मत: वाट वाहतूक निधीतून, बाग महापालिकेकडून.