जांभ्यावर आपटलेले बाण: लाँगबोच्या पॉइंटचा आठ महिन्यांचा अनुभव

नोव्हेंबरात मी लाकडी बाणांसाठी चार प्रकारचे पॉइंट, म्हणजे बाणाच्या तोंडाला बसवायची टोकं, मागवले. आता जुलै चालू आहे, बाहेर पाऊस धो धो कोसळतोय आणि माझा भाता माळ्यावर टांगलाय. गोव्यात वाळपईजवळच्या एका काजूच्या बागायतीत, मालकाची परवानगी घेऊन, आठवड्याला तीन-चार दिवस झाडांच्या खुंटांवर नाहीतर भरलेल्या पोत्यावर नेम मारायचे, असं हे आठ महिने चाललं. लाँगबो (लांब, साधं धनुष्य) किंवा साधा रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं धनुष्य) घेऊन मैदानाऐवजी रानवाटेवर सराव करणाऱ्या आपल्याकडच्या लोकांना याचा उपयोग होईल.

माझं धनुष्य 28 इंच ओढीला 45 पौंडांचं, म्हणजे दोरी तितकी ओढायला 45 पौंडांचा जोर लागतो. बाण सिडरचे, 11/32 इंच जाडीचे, नॉकच्या (दोरी अडकवायच्या) खाचेपासून शाफ्टच्या, म्हणजे बाणाच्या काठीच्या, टोकापर्यंत 29 इंच, मागे टर्कीची पाच इंची पिसं.

लोक आधी ब्रॉडहेडचंच विचारतात, म्हणजे शिकारीच्या धारदार पात्याच्या फाळाचं. ते मी घेतलेले नाहीत आणि घेणारही नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात मारण्याचा प्रयत्नही शिकारच ठरतो, आणि त्याच कायद्याच्या व्याख्येत धनुष्यबाण हे शस्त्र आहे. म्हणजे परवानगीशिवाय नुसतं धनुष्य खांद्याला लावून म्हादई अभयारण्यात पाऊल टाकलं तरी गुन्हा. आम्ही सत्तरी तालुक्यातले लोक त्या अभयारण्याला खेटूनच राहतो, त्यामुळे हद्द कुठून जाते हे आधी माहीत करून घ्या. बागायतीचे मालक, आम्ही त्यांना आबा म्हणतो, पहिल्याच आठवड्यात म्हणाले होते, ‘अरे, नुसते खुंट काय मारतोस? डुकरांनी सगळी रताळी उकरून खाल्ली, त्यांचं काहीतरी बघ.’ मी म्हटलं, ‘आबा, डुकरांचं वनखात्याला सांगू, अर्ज मी लिहून देतो. बाण मारणार नाही.’ अर्ज दिलाही. 2020 च्या जानेवारीत याच रानात वाघीण आणि तिचे तीन बछडे विष खाऊन मेलेले सापडले होते. ते आठवलं की या बाबतीत माझ्या मनात दुसरा विचार येत नाही.

बाहेरदेशी ज्यांना कायदेशीर शिकार करता येते ते ब्रॉडहेड निवडताना जे बघतात, त्यातली एक गोष्ट मात्र सरावाच्या पॉइंटलाही लागू पडते: वजन. ब्रॉडहेडचं पातं बाणाच्या तोंडाशी पिसासारखं काम करतं, जरा वाकडं बसलं तरी बाण भलतीकडे नेतं. म्हणून तिथे सरावाचा पॉइंट आणि शिकारीचा फाळ एकाच वजनाचे ठेवतात आणि दोन्ही एकाच जागी लागतात का ते तपासतात. आपल्याकडे पातं नाही, पण वजनाचा नियम तोच.

आणि इथेच मी आधी चुकलो. सुरुवातीला 100 ग्रेनचे (ग्रेन हे पॉइंटच्या वजनाचं माप) गोल नाकाचे बुलेट पॉइंट लावले, स्वस्त मिळाले म्हणून. मी उजव्या हाताने ओढतो. बाण सतत डावीकडे. महिनाभर मी बोटांना दोष देत होतो. शेवटी दोन बाणांची पिसं काढून ते उघडे मारले, तेव्हा कळलं की बाण ताठ पडतोय. दोरी सुटताना बाण धनुष्याला वळसा घालून वाकतो आणि मग सरळ होतो. तोंडाशी वजन वाढलं की तो जास्त वाकतो, कमी झालं की ताठ राहतो आणि उजव्या हाताच्या माणसाचा डावीकडे जातो. 125 ग्रेनचे पॉइंट लावले आणि त्याच शाफ्टने, त्याच धनुष्याने उघडे बाण मधोमध जायला लागले. बाण बोटावर तोलून पाहिला तर तोल आधी खाचेपासून 17 इंचांवर होता, आता साडेसतराच्या किंचित पुढे सरकला. मध्यापासून हे अंतर मोजून 29 ने भागलं की आधी सुमारे 9 टक्के, आता 11. लाकडी बाणाला दहाच्या वर गेलेलं मला बरं वाटतं. वाऱ्यात शेपूट हलत नाही. पूर्ण बाण 31 ग्रॅमच्या आसपास भरतो.

आता पाकिटावर 125 लिहिलंय म्हणून आतले सगळे 125 असतीलच असं नाही. मी ओळखीच्या सोनाराकडे डझनभर पॉइंट नेऊन काट्यावर घातले. 125 ग्रेन म्हणजे 8.1 ग्रॅम. सगळ्यात हलका निघाला 7.8 आणि सगळ्यात जड 8.4. वीस मीटरवर हा फरक अंगावर येत नाही, पण तीस मीटरवर दोन बोटं खालीवर होतो, आणि मग माणूस स्वतःच्या हातात खोट शोधत बसतो. जड होते ते कानशीने टोकापासून थोडे घासून खाली आणले, दोन हलके होते ते बाजूला ठेवले. दुपार गेली, पण या आठ महिन्यांत नेम सगळ्यात जास्त सुधारला तो त्या दुपारमुळे.

आकाराचं म्हणाल तर गोव्यात तो जमीन ठरवते. आपल्याकडे गवताच्या खाली जांभा असतो. दिसत नाही, आणि बाण खुंटाला चुकला की नेमका त्यावरच जातो. शंकूसारखा टोकदार फील्ड पॉइंट खुंटात छान रुततो, पण जांभ्यावर एकदा आपटला की टोक चपटं होतं, आणि शाफ्ट मोडतो तो नेहमी एकाच जागी: पॉइंटच्या बरोबर मागे, जिथे लाकूड निमुळतं केलेलं असतं. माझे पाच शाफ्ट असे गेले. गोल नाकाचा बुलेट दगडावरून निसटतो, शाफ्ट वाचतो. पण सुक्या गवतात तो गवताखाली सरपटत इतका आत जातो की शोधायला अर्धा तास लागतो. एक बाण मला मार्चमध्ये सापडला, डिसेंबरात मारलेला, पिसं वाळवीने खाल्लेली.

यावर उपाय म्हणजे ज्युडो पद्धतीचा पॉइंट. बोथट नाक आणि त्याच्या मागे बाहेर आलेले चार तारेचे स्प्रिंग. गवताला लागला की तारा अडकतात, बाण उलटून उभा राहतो आणि पिसं वर दिसतात. नोव्हेंबर ते मे या काळात, गवत सुकं असताना, याच्याइतकं दुसरं काही कामाचं नाही. एकाच्या किमतीत चार साधे येतात हे खरं, पण आठ महिन्यांत यातला एकही बाण हरवला नाही. खोट एवढीच की जांभ्यावर तारा वाकतात, चिमट्याने परत सरळ कराव्या लागतात, आणि नारळाची सोडणं भरलेल्या पोत्यावर मारलात तर पोतं फाडून ठेवतो. पोत्यासाठी साधा पॉइंटच वापरा.

रबराचे बोथट पॉइंट मी दोन महिन्यांत बाजूला ठेवले. शाफ्टच्या टोकावर नुसते ओढून बसवायचे, सोपे आहेत, पण उन्हाने चिरा पडल्या. शिवाय कडक खुंटावरून बाण उडून मागे येतो. एकदा माझ्या कानाजवळून गेला. वापरायचेच असतील तर डोळ्यांवर चष्मा हवा.

विकत घेताना दोन गोष्टी बघा. लाकडी बाणाचा पॉइंट आतून 5 अंशांच्या निमुळतेपणाचा असतो, तुमच्या शाफ्टचं टोकही तितकंच तासलेलं हवं, नाहीतर तो आत डुगडुगतो. आणि पॉइंटची जाडी शाफ्टइतकी किंवा केसभर जास्त. मला एका दुकानदाराने 11/32 सांगून 5/16 चे पाठवले. शाफ्टची कड बाहेर राहिली आणि बाण पोत्यातून काढताना प्रत्येक वेळी तिथे लाकडाच्या ढलप्या निघत होत्या. त्याने ते परत घेतले नाहीत.

चिकटवण्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण यात माझं नुकसान झालं. गरम करून लावायचा गोंद सोयीचा असतो, पॉइंट तापवला की निघतो, शाफ्ट मोडला तरी पॉइंट वाचतो. पण मे महिन्यात भाता दुपारभर गाडीत राहिला, काचा बंद. संध्याकाळी पहिलाच बाण पोत्यातून ओढला तर हातात नुसती काठी आली. पॉइंट आतच. दुसराही तसाच, तिसराही. गोंद मऊ पडून परत अर्धवट धरला होता. तेव्हापासून साध्या पॉइंटना दोन नळ्यांचा एपॉक्सी गोंद लावतो. ज्युडो महाग, म्हणून तेवढ्यांना गरम गोंदच, आणि भाता गाडीत ठेवत नाही.

गंजाचं तर विचारूच नका. जूनच्या पहिल्या आठवड्यात भाता बंद ठेवला होता, उघडला तर साध्या लोखंडी पॉइंटवर तांबडी पूड. खोबरेल लावून पाहिलं, त्याचा चिकट थर बसतो आणि सोडणाची धूळ धरतो. शिलाई मशीनचं तेल पुसटसं लावलं तर महिनाभर टिकतं. बाण भात्यात कोंबून न ठेवता पिसं वर करून सुटे टांगा. दमट हवेत लाकूड वाकतं. महिन्यातून एकदा प्रत्येक बाण टेबलावर लोळवून बघतो, डुलला की हाताने हलके दाबून सरळ करतो.

एक सांभाळायचं. फेब्रुवारीपासून काजूची बोंडं गोळा करायला बायामाणसं पहाटेच बागायतीत असतात. तेव्हा मी सकाळचा सराव पूर्ण बंद करतो, दुपारनंतर आबांना विचारूनच जातो, आणि मागे मातीचा चढ असेल अशाच खुंटावर मारतो. बाण चुकला तर कुठे जाईल हे आधी पाहतो, मगच दोरी ओढतो.

परशुरामाने सह्याद्रीवरून बाण सोडला आणि तो जिथे पडला ती बाणावली, हे आपण लहानपणापासून ऐकतो. महाभारतात नाराच, क्षुरप्र, अर्धचंद्र, भल्ल अशी बाणांची वेगवेगळी नावं आहेत. आज मला माझ्याच भाषेत पॉइंटला पॉइंट म्हणावं लागतं याचं खरंच वाईट वाटतं. 2023 मध्ये राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाल्या, तेव्हापासून गावातली दोन मुलं माझ्याबरोबर येतात. त्यांना मी ही नावं सांगतो, आणि त्यातला धाकटा बुलेटला ‘भल्ल’च म्हणतो.

सध्या भात्यात सहा फील्ड पॉइंट आहेत, घासून एका वजनाचे, आणि चार ज्युडो. बुलेट मुलांच्या हलक्या धनुष्यांना दिले. ऑक्टोबरात पाऊस ओसरला की नवे बारा शाफ्ट येतील. त्यांच्यासाठी यंदा स्टेनलेस स्टीलचे 125 ग्रेन मागवलेत, आणि आल्या आल्या ते आधी सोनाराच्या काट्यावर जातील.