घड्याळ पुढे-मागे करत राहायचं की एकदाच काय ते फिक्स करायचं?

अमेरिकेत मार्चमध्ये घड्याळ एक तास पुढे करतात (समर टाइम) आणि नोव्हेंबरमध्ये परत मागे (स्टँडर्ड टाइम), त्यामुळे मार्च आला की हा वाद सुरू होतोच, आणि बहुतेकांचं उत्तर ठरलेलं, "कायम समर टाइम ठेवा ना, संध्याकाळी उजेड मिळतो". ऐकायला छान वाटतं, पण जानेवारीचा हिशोब कोणी करत नाही. न्यूयॉर्क-न्यू जर्सीकडे जानेवारीच्या सुरुवातीला सूर्य ७:२० ला उगवतो, समर टाइम कायम केला तर ८:२०, आणि सिएटलवाल्यांचे तर जवळपास ९ वाजणार. म्हणजे पोरं स्कूलबससाठी मिट्ट काळोखात, थंडीत कुडकुडत उभी. हे करून झालंय हो, जानेवारी १९७४ मध्ये दोन वर्षांसाठी म्हणून सुरू केलं आणि लोक इतके वैतागले की त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गुंडाळलं. तरी २०२२ मध्ये सिनेटने पुन्हा तेच बिल पास केलं, पुढे हाउसमध्ये (संसदेच्या दुसऱ्या सभागृहात) अडकलं ते सोडा.

कायम स्टँडर्ड ठेवला तर जूनमध्ये न्यूयॉर्ककडे पहाटे साडेचारच्या आधीच लख्ख उजाडणार आणि साडेसातला सूर्यास्त, म्हणजे ऑफिसनंतरचं क्रिकेट बोंबललं. पण झोपेचे डॉक्टर याच बाजूने आहेत, सकाळचा उजेड शरीराला हवा असतो म्हणतात. शिवाय उन्हाळ्यातल्या संकष्टीला चंद्रोदय व्हायला अकरा वाजतात, तो दहाला होईल, उपास करणाऱ्यांना तेवढाच दिलासा 😄

आणि आहे तसंच चालू ठेवलं तर? वीज वाचते हे मुख्य कारण सांगतात, पण इंडियाना राज्यात २००६ ला समर टाइम राज्यभर सुरू झाल्यावर अभ्यास झाला त्यात घरांचा वीजवापर उलट १ टक्क्याच्या आसपास वाढला, लाइट वाचले पण एसी जास्त चालले. मार्चमधल्या त्या सोमवारी डोळे चुरचुरतात ते वेगळंच, आणि भारतातल्या टीमचे कॉल एक तास सरकतात (साडेनऊ तासांचा फरक की साडेदहा, दरवेळी कोणीतरी चुकतंच).

माझं मत विचाराल तर पहिली पसंती कायम स्टँडर्ड, ते जमत नसेल तर आहे तेच चालू दे, कायम समर टाइम मात्र नको, निदान उत्तरेकडे तरी. आणि स्टँडर्डसाठी काँग्रेसची (म्हणजे अमेरिकन संसदेची) वाट बघायची गरज नाही, १९६६ च्या कायद्यानुसार राज्य स्वतः ठरवू शकतं, समर टाइम कायम करायला मात्र काँग्रेसच लागते. ॲरिझोनाने (नवाहो आदिवासींचा भाग सोडून) आणि हवाईने कधीच स्टँडर्ड ठरवून टाकलंय, ॲरिझोनातल्या फिनिक्सवाल्यांचा पुण्याशी फरक बाराही महिने साडेबारा तास.