रात्री दारं धरायला कोणती बॅटरी? फेनिक्स पीडी ३६ आर दीड वर्ष वापरून

आधीच सांगतो, आमच्याकडे जुन्नर तालुक्यात टॉर्चला टॉर्च कोणी म्हणत नाही, बॅटरी म्हणतात आणि तिच्या आत घालतात ते सेल, त्यामुळे इथे पण मी तसंच लिहिणार, गोंधळ करून घेऊ नका.

मी नोकरीला चाकणला, शनिवार-रविवार गावी. शेती चुलते बघतात, अण्णा, वय पासष्टच्या पुढे. थ्री फेजची लाइट आठवड्यातले काही दिवस रात्रीचीच असते, मग रात्री अकरा-बाराला मोटर चालू करून उसात दारं धरायला, म्हणजे सरीसरीला पाणी सोडायला, जायचं. आणि आमचा भाग बिबट्याचा, म्हणजे जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांसाठी वेगळं निवारा केंद्र आहे यावरून काय ते समजून घ्या. वन खात्याचे लोक येऊन सांगून जातात की रात्री एकटं जाऊ नका, हातात बॅटरी ठेवा, मोबाइलवर गाणी मोठ्याने लावा. अण्णा कीर्तन लावतात. बिबट्याला कीर्तन आवडतं की नाही माहीत नाही पण आजवर समोर आला नाही.

लहानपणी घरात एव्हरेडीची पितळी जीवनसाथी होती, मोठे सेल, लाल रंगाचे, त्यावर ती ९ आकड्यातून उडी मारणारी मांजर. सेल उतरले की आजी ते पत्र्यावर उन्हात ठेवायची आणि संध्याकाळी खरंच थोडा वेळ उजेड पडायचा. नंतर आठवडे बाजारातली प्लास्टिकची आली, मागून दोन पिन काढून भिंतीत खोचायची, आत लेड-ॲसिडचा ठोकळा. ती वाईट नसते हो, उलट उजेड भरपूर, पण पावसाळ्यात पंधरा दिवस चार्ज न करता कोपऱ्यात पडून राहिली की ठोकळा मेला, मग नवीन घ्या. तशा तीन झाल्या.

मग मी शहाणपणा केला. ऑनलाइन एक घेतली, नाव घेत नाही, पुढे-मागे सरकवून झूम करायची, बॉक्सवर '१,००,००० लुमेन', हे उजेडाचं माप, आणि सोबतच्या सेलवर '९९०० एमएएच', हे सेलमध्ये किती वीज मावते त्याचं. किंमत सातशे रुपये. आता मागे वळून बघतो तर हसू येतं कारण घरातला ९ वॅटचा एलईडी बल्ब साधारण ९०० लुमेन देतो, म्हणजे लाख लुमेन म्हणजे असे शंभरावर बल्ब एका मुठीत, एका बोटभर सेलवर! पण घेताना डोकं कुठे चालतं.

तीच घेऊन आम्ही चौघं हरिश्चंद्रगडाला गेलो, खिरेश्वरवरून रात्री. टोलार खिंडीपर्यंत झकास, रेलिंगचा कातळ पण चढलो, आणि वर पठारावर आलो तसं धुकं. तिथून देवळापर्यंतची वाट छोट्या टेकाडांतून वर-खाली जाते आणि रात्री तिथे चुकणारे आम्ही काही पहिले नाही. झूम करून बॅटरी मारली की समोर नुसती पांढरी भिंत, पायाखालचं दिसेना, आणि चाळीस मिनिटांत तिचा उजेड निरांजनाएवढा झाला. मोबाइलच्या लाइटवर किती चालणार, शेवटी एका झुडपाच्या आडोशाला पहाटेपर्यंत कुडकुडत बसलो. धुक्यात बॅटरी डोळ्यांजवळ धरायची नसते, कंबरेखाली धरून पायांपुढे मारायची, नाहीतर उजेड धुक्याच्या थेंबांवर आपटून परत आपल्याच डोळ्यात येतो. कपाळाला बांधायच्या हेडलॅम्पचं धुक्यात हेच दुखणं. हे मला तिथे कळलं, यूट्यूबवर नाही.

घरी आल्यावर एका मित्राच्या चार्जरवर, तो सेलमध्ये खरंच किती माल आहे ते मोजून दाखवतो, तो ९९०० वाला सेल लावला. ११४० भरला. आणि वजन केलं तर ३० ग्रॅमच्या आत. या मापाचा, म्हणजे १८६५०, खरा सेल ४५ ते ५० ग्रॅमचा असतो, त्यामुळे किराणा दुकानातल्या काट्यावर सुद्धा खोटा पकडता येतो.

तेव्हापासून माझं मत असं झालंय की बॅटरी नंतर बघायची, सेल आधी. १८६५० हा काही मॉडेल नंबर नाही, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब एवढाच त्याचा अर्थ, शेवटचं शून्य म्हणजे गोल नळकांडं. २१७०० म्हणजे २१ जाड, ७० लांब. पॅनासॉनिक, सॅमसंग, एलजी यांचे चांगल्यातले चांगले १८६५० सेल ३४००-३५०० एमएएचचे, जास्तीत जास्त ३६०० च्या आसपास, आणि २१७०० मध्ये ५००० सहज मिळतो. त्यामुळे १८६५० वर कोणी ६८००, ९९००, १२००० लिहिलं असेल तर तिथेच दुकानदाराला रामराम घालायचा, पुढे वाचायची गरज नाही.

आता मी शेवटी घेतली त्या बॅटरीवरच्या आकड्यांचा हिशोब बघा. ५००० एमएएच गुणिले ३.६ व्होल्ट म्हणजे १८ वॅट-अवर. १६०० लुमेन पाडायला ढोबळमानाने पंधरा वॅट लागतात, म्हणजे पूर्ण जोरात सव्वा तास, त्याच्या वर कोणाचा बाप चालवू शकत नाही. मग कंपन्या दोन-अडीच तास कसे लिहितात? तर तो एएनएसआय एफएल १ नावाचा नियम आहे, त्यात लुमेन मोजतात चालू केल्यावर ३० सेकंदांनी आणि वेळ मोजतात उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंत. मधे बॅटरी तापू नये म्हणून स्वतःच जोर कमी करते, हे चांगल्या-वाईट सगळ्याच करतात, मुठीएवढ्या ॲल्युमिनियमने उष्णता टाकायची कुठे? त्यात फसवणूक काही नाही पण वाचता यायला पाहिजे. अंतराचं पण तसंच, २८३ मीटर लिहिलंय म्हणजे तेवढ्या लांब पौर्णिमेच्या चांदण्याएवढा उजेड पोचतो, ०.२५ लक्स. तिथे कुत्रं आहे की बिबट्या हे नाही कळणार. अंतर निम्मं केलं की उजेड चौपट होतो, म्हणून मी लिहिलेल्या आकड्याचा अर्धा धरतो आणि सुखी राहतो.

एवढं सगळं करून मग फेनिक्सची पीडी ३६ आर घेतली. १६०० लुमेन, २८३ मीटर, २१७०० चा ५००० वाला सेल सोबत, टाइप-सी ने चार्ज, आयपी ६८ म्हणजे धूळ-पाणी आत जात नाही. किंमत चार आकडी आणि ती पण वरच्या अंगाची, बायकोला अजून अर्धीच सांगितली आहे. त्याची पुढची व्हर्जन पण आली आहेत, पण माझ्याकडे जी आहे तिच्याबद्दल लिहितो.

पाच पायऱ्या आहेत, ३०, १५०, ३५०, ८०० आणि १६००. मागच्या बटणाने चालू-बंद आणि बाजूच्या बटणाने कमी-जास्त, हे अण्णांना एकदा दाखवलं तेवढं पुरलं. मला सगळ्यात जास्त हेच आवडलं कारण आधीच्या झूमवालीला एकच बटण आणि ते दाबत गेलं की मधेच ती डिस्कोसारखी लपलपायची, उसात अकरा वाजता तसं व्हायला लागलं की अण्णा काय काय बोलायचे ते इथे लिहिता येणार नाही. नेहमीचं काम १५० वर होतं, बांधावरून चालायला तेवढं बास. ३५० वर आख्खी रात्रपाळी निघते, म्हणजे आम्ही साडेसात तास लावून बघितली तरी चालू होती. १६०० कशाला लागतं? तर उसाच्या कडेला सळसळलं की दोन सेकंद मारायची आणि डोळे चमकतात का बघायचं. मांजर, कोल्हा, बिबट्या, गाय सगळ्यांचेच चमकतात, तेव्हा लगेच बोंब मारू नका, दोन डोळ्यांमधलं अंतर आणि जमिनीपासूनची उंची बघा. आणि चमकलेच तर डोळ्यावर उजेड मारत त्याच्या मागे जायचं नाही, आवाज करत मागे सरायचं, त्याला जायला वाट सोडायची.

बिबट्याचं सगळे बोलतात पण रात्री खरं भ्या सापाचं. घोणस वाळलेल्या पाल्यात पडली की पाला आणि ती एकच रंग. तिथे लांब मारणारा झोत काही कामाचा नाही, पायापुढे पसरलेला उजेड पाहिजे आणि तो निळसर पांढरा असण्यापेक्षा थोडा उन्हासारखा असला की तपकिरी रंगातले फरक दिसतात. खोक्यावर ५००० के (केल्विन, उजेडाच्या रंगाचं माप) लिहिलेलं असतं ते याचं, ६५०० म्हणजे ट्यूबलाइटसारखा. माझीचा उजेड पांढराच आहे, जोरदार आहे, पण नुसतं पायाखालचंच बघायचं असतं तर मी वर्कोस एफसी ११ सारखी काहीतरी १८६५० ची छोटी घेतली असती, बरीच स्वस्तात पडते आणि तिच्यात असे रंग नीट दाखवणारा एलईडी मिळतो. ट्रेकवाल्यांनी उगाच माझ्यासारखा मोठा खर्च करू नका खरं तर. ट्रेकला हात मोकळे पाहिजेत, शंभर-दोनशे लुमेनचा हेडलॅम्प आणि खिशात एक छोटी बॅटरी, झालं. पेन्सिल सेलवर चालणारं काही असेल तर साधे अल्कलाइन आत घालून विसरू नका, ते पाझरतात आणि स्प्रिंग खाऊन टाकतात, एनेलूपसारखे चार्ज होणारे घाला.

सेल सांभाळायचं मात्र शिकावं लागतं, हे जुन्या लाल सेलसारखं नाही. सुटा सेल किल्ल्या आणि चिल्लरबरोबर खिशात टाकायचा नाही, शॉर्ट झाला तर मांडी भाजेल. चारशे-पाचशे रुपयांची प्लास्टिकची डबी पण नको, दहा-वीस रुपयांची चालते, पण डबी पाहिजे. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले सेल बाजारात स्वस्त मिळतात, माझ्या मते फुकट दिले तरी नको. बरेच दिवस वापरायची नसेल तर अर्धी चार्ज करून ठेवा आणि मागचं झाकण एक आटा सैल करा म्हणजे बॅगेत आपोआप चालू होत नाही. विमानाने हिमालयात ट्रेकला निघालात तर सुटे सेल हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये टाकलेत तर बॅग बाजूला काढतील. आणि तिकडे थंडीत सेल लवकर उतरतो, रात्री झोपताना स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा, सकाळी गारठलेला असेल तर चार्जिंगला लावू नका, आधी ऊबेला येऊ द्या.

आता गेल्या महिन्यातलं ऐका. मी गावी गेलो तर बॅटरी उघडी आणि सेल पत्र्यावर उन्हात, कुरडयांच्या शेजारी. म्हटलं अण्णा हे काय? तर म्हणे, "अरे उतरला होता, लाइट नव्हती, म्हटलं जरा तापू दे." एप्रिल महिना, पत्र्याला हात लावता येत नव्हता! तो सेल मी सावलीत गार केला, दोन दिवस लांब ठेवला, फुगला वगैरे नाही, पण आता तो वापरायची माझी छाती नाही. दुसरा ५००० चा मागवलाय, ओळखीच्या दुकानातून, बिलासकट, आणि आला की पहिल्यांदा काट्यावर ठेवणार, ७० ग्रॅमच्या आसपास भरला तर ठेवून घेणार. जुना ई-कचऱ्यात द्यायचाय, चाकणला घेऊन आलोय, टेपने दोन्ही टोकं बंद करून बाल्कनीत कुंडीतल्या वाळूवर ठेवलाय सध्या.