अमिगा १२०० आणि ब्लिझार्ड १२३०: कार्ड बसवल्यानंतरचे काही महिने

माझ्या अमिगा १२०० या कमोडोरच्या जुन्या घरगुती संगणकामध्ये ब्लिझार्ड १२३० मार्क ४ हे वेगवान प्रोसेसर आणि जादा मेमरी देणारं अ‍ॅक्सिलरेटर कार्ड बसवून आता बरेच महिने झाले. पहिल्याच आठवड्यात लिहायला बसलो असतो तर वेगाचे आकडे देऊन मोकळा झालो असतो. इतक्या वापरानंतर सांगावंसं वाटतं ते वेगळंच आहे. या कार्डाने मशीन बदलतं त्यात प्रोसेसरच्या मेगाहर्ट्झपेक्षा मेमरीचा वाटा मोठा आहे. प्रोग्राम कुठल्या मेमरीत बसलाय, किकस्टार्ट (रॉममध्ये बसवलेला सिस्टीमचा मूळ भाग) कुठून वाचलं जातंय, हे एकदा ध्यानात आलं की जंपर (कार्डावरच्या पिनांची छोटी टोपी) आणि मशीन सुरू होताना चालणाऱ्या स्टार्टअप फाइलची जुळवाजुळव सोपी होते.

१९९२ साली आलेल्या अमिगा १२०० मध्ये ६८ईसी०२० प्रोसेसर १४ मेगाहर्ट्झवर चालतो आणि सोबत २ एमबी चिप रॅम असते. ही मेमरी एकट्या प्रोसेसरची नाही. पडद्यावरचं चित्र, आवाजाचे चार चॅनेल, फ्लॉपी, ब्लिटर (चित्रांचे तुकडे हलवणारं सर्किट), सगळ्यांना तिथूनच काम करायचं असतं, आणि हे सगळं सांभाळणारा चिपसेट ती वापरत असेल तर प्रोसेसर ताटकळतो. म्हणूनच प्रोसेसर तोच ठेवून नुसती फास्ट रॅम जोडली तरी १२०० चा वेग जवळजवळ दुप्पट होतो. फास्ट रॅमला चिपसेट हात लावत नाही. ती पूर्णपणे प्रोसेसरची.

ब्लिझार्ड हे जर्मनीतल्या फेज फाइव्हचं कार्ड. त्यावर ५० मेगाहर्ट्झचा ६८०३० आहे, एमएमयूसकट (मेमरीचे पत्ते बदलून देणारा भाग). एफपीयूसाठी, म्हणजे दशांशांची गणितं करणाऱ्या चिपसाठी, जागा आहे, माझ्याकडे तिथे ६८८८२ बसवलेला आहे. ७२ पिनांची एक सिम (मेमरीची पट्टी) लागते आणि ती १२८ एमबीपर्यंत चालते. मी ३२ एमबीची घातली आणि आजवर ती भरलेली पाहिली नाही. शिवाय कार्डावर बॅटरीवर चालणारं घड्याळ आहे. १२०० च्या मदरबोर्डवर घड्याळच नसतं, त्यामुळे फाइलींवर खऱ्या तारखा दिसू लागल्या याचंच मला फार समाधान वाटलं.

बसवण्याचं काम थोडक्यात आटपतं. मशीन उलटं करायचं, खालचं ट्रॅपडोअरचं झाकण काढायचं, मदरबोर्डची कड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची आणि कार्डाचा १५० पिनांचा सॉकेट तिच्यावर सरळ दाबायचा. दाबताना कार्ड तिरकं होऊ देऊ नका. दोन्ही बाजूंनी चिप्स असलेली जाड सिम असेल तर झाकण बसेल की नाही हे आधी पाहून घ्या. मदरबोर्डवरचे एसएमडी कपॅसिटर गळत असतील तर कार्ड आणण्याआधी ते बदला. गळका बोर्ड आणि नवं कार्ड एकत्र आले की दोष कोणाचा हे शोधण्यात जीव जातो. काही मदरबोर्डांवर ई१२३सी आणि ई१२५सी हे दोन कपॅसिटर काढल्याशिवाय अ‍ॅक्सिलरेटर स्थिर चालत नाही. माझ्या बोर्डाला ती गरज पडली नाही.

खरा त्रास झाला तो पॉवर सप्लायचा. सुरुवातीचे काही आठवडे मशीन छान चालायचं, पण एखादी मोठी एलएचए (दाबून लहान केलेली) फाइल उलगडायला दिली आणि त्याच वेळी फ्लॉपी फिरली की अचानक रीसेट. आधी संशय सिमवर गेला, मग प्रोसेसरमधल्या छोट्या वेगवान मेमरीवर, म्हणजे कॅशवर. शेवटी फ्लॉपीच्या पॉवर कनेक्टरवर मल्टिमीटर लावून काम चालू असताना ५ व्होल्टची लाइन मोजली, तर ती ४.८ च्या खाली उतरत होती. १२०० सोबत येणारा हलका सप्लाय ५ व्होल्टवर साधारण ३ अँपियर देतो. त्यावर ०३० (म्हणजे ६८०३०), एफपीयू, रॅम आणि हार्ड डिस्क एवढा भार टाकणं म्हणजे ओढाताणच. अमिगा ५०० चा जुना जड सप्लाय याहून ताकदवान असतो आणि त्याचा चौकोनी प्लग १२०० ला थेट बसतो. तो जोडल्यापासून तसा रीसेट पुन्हा झालेला नाही. कार्ड सदोष आहे असं ठरवून परत पाठवण्याआधी व्होल्टेज मोजा, चालू कामात मोजा.

आता कॉन्फिगरेशन. माझा आग्रह एवढाच की एका वेळी एकच गोष्ट बदला. कार्ड बसवण्याआधीच सिसइन्फो या वेग मोजणाऱ्या प्रोग्रामचे आकडे लिहून ठेवा. बसवल्यावर पहिल्यांदा सुरू करताना माउसची दोन्ही बटणं दाबून धरा, अर्ली स्टार्टअप मेनू येतो. तिथून स्टार्टअप-सीक्वेन्स (सुरुवातीला चालणारी मुख्य फाइल) न चालवता बूट करा आणि शेलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) मेमरी दाखवणारी अव्हेल कमांड द्या. फास्टच्या ओळीत तुमच्या सिमएवढा आकडा दिसला की निम्मं काम झालं. दिसला नाही तर सिम काढून पुन्हा बसवा, कारण यात सॉफ्टवेअरचा काही संबंध नाही.

त्यानंतर मॅपरॉमचा जंपर. हा चालू असला की किकस्टार्टच्या ५१२ केबीची प्रत फास्ट रॅममध्ये घेतली जाते आणि पुढे सिस्टीम तिथूनच चालते. मूळ रॉम मदरबोर्डच्या संथ गतीनेच वाचली जाते, आणि अमिगाचा प्रत्येक प्रोग्राम घडोघडी रॉममधल्या लायब्रऱ्यांना हाक मारत असतो. म्हणून मॅपरॉमचा फरक वर्कबेंचच्या (अमिगाच्या डेस्कटॉपच्या) खिडक्या उघडताना हाताला जाणवतो. हेच काम सीपीयू कमांडचा फास्टरॉम पर्यायही एमएमयू वापरून करतो. दोन्ही एकदम लावू नका. तीच रॉम दोनदा कॉपी होते आणि अर्धा एमबी वाया जातो. कार्डाला जंपर असेल तर तोच बरा, कारण तो स्टार्टअप फाइलवर अवलंबून नाही.

कॅशच्या बाबतीत घाई नको. ६८०३० मध्ये २५६ बाइटची इन्स्ट्रक्शन कॅश आणि तेवढीच डेटा कॅश असते. मूळच्या ०२० मध्ये डेटा कॅश नाहीच. बर्स्ट चालू असला तर १६ बाइटची अख्खी ओळ एका झटक्यात भरते. सीपीयू कमांड नुसती दिली तर काय चालू, काय बंद ते ती दाखवते. स्टार्टअप-सीक्वेन्समध्ये सेटपॅच (रॉममधल्या चुका दुरुस्त करणारी कमांड) सर्वात आधी, मग बाकी सगळं. कॅश आणि बर्स्टची ओळ मी यूजर-स्टार्टअप या स्वतःच्या ओळी लिहायच्या फाइलमध्ये ठेवली आहे. चिप रॅममधला डेटा कॅशमध्ये येत नाही, आणि येऊही नये, कारण तिथे चिपसेटही लिहीत असतो आणि प्रोसेसरला त्याचा पत्ता लागत नाही.

हार्ड डिस्कच्या जागी कॉम्पॅक्ट फ्लॅश वापरत असाल तर एचडीटूलबॉक्स या डिस्क मांडायच्या प्रोग्राममध्ये मॅक्सट्रान्सफर (एका वेळी किती डेटा न्यायचा तो आकडा) नक्की तपासा. १,३०,५६० बाइट, म्हणजे ५१२ बाइटचे २५५ सेक्टर, ही सुरक्षित मर्यादा, हेक्समध्ये १एफई००. फास्ट रॅम आल्यावर प्रोग्राम मोठमोठे तुकडे एकदम वाचायला लागतात, आणि हा आकडा मोठा असेल तर काही कार्डं डेटा निमूटपणे बिघडवतात. किकस्टार्ट ३.० किंवा ३.१ असेल तर सगळी पार्टिशन्स पहिल्या ४ जीबीतच ठेवा.

वेगाचं म्हणाल तर सिसइन्फोमध्ये मूळ मशीनच्या जवळपास सातपट आकडा येतो. रोजच्या वापरात तो सगळीकडे दिसत नाही. एलएचए, जेपीईजी चित्रं, कंपायलर, रे-ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा हिशेब करून चित्र काढणं) इथे फरक प्रचंड आहे, आणि रे-ट्रेसिंगमध्ये एफपीयूची किंमत वसूल होते. १९९३ चा फ्रंटियर हा गेम मूळ १२०० वर अडखळत चालतो. इथे ग्रहावर उतरताना पहिल्यांदा तो सलग वाहताना पाहिला आणि मी बराच वेळ नुसता उतरत-उडत राहिलो. पण जे काम चिप रॅमवर अवलंबून आहे ते तिथेच अडतं. चिप रॅमकडे जाणारा रस्ता ५० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आल्याने रुंद होत नाही. २५६ रंगांचा हाय-रेझ वर्कबेंच अजूनही रेंगाळतो. मी १६ रंगांवर आलो आणि एफब्लिट बसवलं. ते चित्रांचे बिटमॅप फास्ट रॅममध्ये ठेवू देतं, त्यामुळे २ एमबी चिप रॅम लवकर संपत नाही. एडूम, म्हणजे अमिगावरच्या डूम गेमसाठी मात्र हे कार्ड घेऊ नका. प्रत्येक फ्रेम चंकीतून (एकेक ठिपका सलग) प्लेनरमध्ये (रंगांचे बिट वेगवेगळ्या थरांत) बदलून चिप रॅमवर न्यावी लागते, आणि पडदा बराच लहान केल्याशिवाय ०३० ला ते झेपत नाही.

जुन्या सॉफ्टवेअरशी जमवून घेणं हा या महिन्यांतला सर्वात रंगलेला भाग. प्रोट्रॅकर या संगीताच्या प्रोग्राममध्ये केलेल्या काही जुन्या गाण्यांतले सूर गळायला लागले. कारण असं की त्या काळच्या प्लेयर रूटीनमध्ये आवाजाच्या डीएमएसाठी (चिपसेटने मेमरीतून थेट आवाज उचलण्यासाठी) थांबायचं म्हणून एक रिकामा लूप फिरवलेला असतो. ०३० तो लूप इतक्या झटपट संपवतो की डीएमएला सावरायला वेळच मिळत नाही. अशा प्रोग्रामसाठी रीसेट करताना २ ही कळ दाबून धरायची. कार्ड बाजूला होतं आणि मशीन पुन्हा मूळची १२०० बनतं. ही सोय मला फार मोलाची वाटते. हौशी मशीनवर वेग बंद करता येणं हे वेग मिळण्याइतकंच महत्त्वाचं आहे, आणि स्क्रू न उघडता ते जमतं.

गेमसाठी डब्ल्यूएचडीलोड, म्हणजे फ्लॉपीचे गेम हार्ड डिस्कवरून चालवणारा प्रोग्राम, हाच सरळ मार्ग. तो फ्लॉपीच्या इमेज फास्ट रॅममध्ये आधीच भरून घेतो, प्रत्येक गेमला चालेल तशी कॅश ठेवतो, आणि ठरलेली कळ दाबली की वर्कबेंचमध्ये परत आणतो. मूळ २ एमबीवर त्याचे कितीतरी गेम मेमरीअभावी सुरूच होत नसत. आता ती अडचण उरलेली नाही.

आणखी एक फायदा कमी लोक लक्षात घेतात. ८ एमबीची स्वस्त मेमरी कार्डं पीसीएमसीआयए या बाजूच्या कार्ड-स्लॉटच्या पत्त्यांवर अतिक्रमण करतात, म्हणून ती ४ एमबीवर उतरवावी लागतात. ब्लिझार्डची मेमरी १६ एमबीच्या पलीकडच्या पत्त्यांवर बसते. माझं पीसीएमसीआयए नेटवर्क कार्ड पूर्ण ३२ एमबीसोबत पहिल्या दिवसापासून चालतंय.

०३० गरम होतो; ट्रॅपडोअरच्या बंद जागेत तर जास्तच. मी मशीनच्या मागच्या बाजूला जरा उंच रबरी पाय लावलेत, पंखा लागला नाही.

वापरलेलं ०३० कार्ड घेणार असाल, कोणत्याही कंपनीचं, तर विकणाऱ्याकडून प्रोसेसरचा जवळून काढलेला फोटो मागा. एमसी६८०३०आरसी५० असं लिहिलं असेल तर तो सिरॅमिकमधला, एमएमयू असलेला, ५० मेगाहर्ट्झचाच प्रोसेसर. ६८ईसी०३० लिहिलं असेल तर त्यात वापरता येईल असा एमएमयू नाही, आणि बहुधा ४० मेगाहर्ट्झची चिप ओढून ५० वर चालवलेली असते. ती चालते, पण किंमत त्या हिशेबाने द्या. फोटोत घड्याळाची बॅटरीही पाहा. तिच्याभोवती हिरवट डाग असतील तर ते कार्ड सोडून द्या.