छऱ्याची बंदूक घ्यायची तर हितं जावा, पण बोअर विचारून जावा

कोल्हापुरात छऱ्याची बंदूक म्हणजे एअरगन घ्यायची असेल किंवा घरातल्या जुन्या बारा बोअरचं (शॉटगनचं) काही काम असेल तर ह्या दुकानात जावा, माझ्याकडून पाचपैकी साडेचार स्टार. दुकान जुनं आहे, एसी नाही, शोकेसच्या काचा थोड्या पिवळ्या पडल्यात, पण मालक मामा गिऱ्हाईकाला पहिला प्रश्न विचारतात तो "कशाला पाहिजे?" आणि उत्तर पटलं नाही तर माल दाखवतच नाहीत. आजकाल असा दुकानदार कुठं मिळतोय.

आम्ही दोन कामांसाठी गेलेलो. पुतणी दुधाळीच्या रेंजवर १० मीटर एअर रायफल शिकायला लागलीय, तिच्यासाठी चौकशी करायची होती, आणि थोरल्या भावाला शेतासाठी कायतरी पाहिजे होतं. आमचं गाव राधानगरी रोडला, उसात रानडुकरं शिरली की एका रात्रीत सरीच्या सरी लोळवून जातात, कधी कधी दाजीपूरकडनं गवेपण खाली उतरतात. गावात कुणीतरी भावाच्या डोक्यात भरवलं होतं की .२२ ची एअरगन घे, लायसन लागत नाही आणि डुक्कर पडतं. ह्यातल्या दोन्ही गोष्टी चूक आहेत आणि मामांनी ते इतकं नीट समजावून सांगितलं की मला वाटतं हे सगळ्या शेतकऱ्यांना कळायला पाहिजे, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

२०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे एअरगनला लायसनमधून सूट आहे ती फक्त .१७७ बोअरपर्यंत (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या भोकाची रुंदी, हा आकडा इंचात), म्हणजे ४.५ मिमी, आणि ताकद २० ज्यूलच्या आत पाहिजे. ह्यातलं एक जरी ओलांडलं तरी परवाना लागतो. .२२ चा छरा ५.५ मिमीचा असतो त्यामुळं तो आपोआपच बाहेर गेला, मग बंदूक कितीका मवाळ असेना. पूर्वी छरा लाकडी फळीतून आरपार जातो का अशी चाचणी होती म्हणे, आता सरळ बोअर आणि ज्यूल. मामांनी कागदावर हिशोबच करून दाखवला, साधारण अर्ध्या ग्रॅमचा छरा सेकंदाला पावणेतीनशे मीटरच्या आसपास गेला की २० ज्यूल भरतात, म्हणून बॉक्सवर वेगाचे मोठमोठे आकडे छापलेली बंदूक बघितली की आधी छऱ्याचं वजन विचारायचं. रेंजवरच्या मॅच रायफली, म्हणजे स्पर्धेच्या, ह्याच्या निम्म्याहूनही कमी ताकदीच्या असतात, त्यांना नेम पाहिजे असतो, जोर नाही.

मग त्यांनी काचेवर तीन गोष्टी शेजारी शेजारी मांडल्या. एक .१७७ चा छरा, मधे बारीक आणि दोन्हीकडं रुंद, डमरूसारखा. त्याच्या बाजूला .२२ एअरगनचा छरा, तसाच पण अंगानं मोठा. आणि तिसरं .२२ रायफलचं पितळी काडतूस. आकडा दोन्हीचा .२२ पण पहिल्यात नुसती हवा ढकलते आणि दुसऱ्यात दारू जळते, त्याची ताकद शंभर ज्यूलच्या वर. गावात लोक "पॉइंट टूटू" म्हणतात तेव्हा कोण कशाबद्दल बोलतंय हे कुणालाच माहीत नसतं, आणि ह्या घोळात विकणारे विकून मोकळे होतात. आमच्या गावातल्या एकाला ऑनलाईन एका विक्रेत्यानं "नो लायसन" म्हणून .२२ ची पाठवली, आता ती ठेवावी की टाकावी ह्या काळजीत तो बसलाय. विकणाऱ्यानं अंग काढून घेतलं.

डुकराचं म्हणाल तर मामांनी भावाला स्पष्ट सांगितलं की छऱ्यानं डुक्कर मरत नाही, जखमी होतं, आणि जखमी डुक्कर उसाच्या फडात दबा धरून बसलं की दुसऱ्या दिवशी भांगलायला गेलेल्या बाईच्या अंगावर येतं. शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद आहे, छऱ्यानं मारली काय आणि रायफलनं मारली काय, गुन्हा तो गुन्हा. रानडुक्कर आता त्या कायद्याच्या संरक्षित प्राण्यांच्या यादीत अनुसूची दोनमधे आहे, पिकाचं नुकसान करत असेल तर कलम ११ खाली वनखात्याची परवानगी घेऊनच पुढचं काय ते. गवा तर अनुसूची एकमधे, त्याचं नावच काढायचं नाही. त्यापेक्षा पंचनामा करून नुकसानभरपाईचा अर्ज लगेच टाका, असा सल्ला दिला. त्यांना एक एअरगन विकून पैसे करता आले असते की, पण नाही विकली.

भाऊ युट्युबवर अमेरिकेतले शिकारीचे व्हिडिओ बघतो, त्यामुळं त्यानं विचारलं की तिकडं कसं चालतं मग. तर तिकडंही मनाला येईल ती रायफल चालत नाहीच. ओहायो राज्यात हरणाच्या बंदूक सीझनला आधी काडतुसाची रायफल चालायचीच नाही, २०१४ पासून सरळ भिंतीच्या काडतुसाच्या (म्हणजे तोंडाशी निमुळती मान नसलेल्या) रायफलींना परवानगी मिळाली, तीही आता .३५७ ते .५० ह्याच दरम्यानची. सरळ काडतुसाची गोळी मानेच्या काडतुसाइतकी लांब जात नाही, आणि सपाट शेतीच्या मुलखात गोळी कुठं जाऊन थांबते ह्याची काळजी घ्यावी लागते. इंग्लंडात उलटं, तिथं कमीत कमी किती हे ठरलेलं, मोठ्या हरणाला .२४० च्या खाली चालत नाही, कारण जनावर तडफडत राहू नये. स्कॉटलंडनं २०२३ मधे गोळीच्या किमान वजनाची अट १०० ग्रेनवरून (ग्रेन हे गोळीचं वजन मोजायचं बारीक माप) ८० वर आणली, कारण शिशाशिवायची गोळी तेवढ्याच आकारात हलकी भरते. म्हणजे नियम बदलतात पण काळजी दोनच, गोळी लांब जाऊन माणसाला लागू नये आणि जनावर अर्धवट मरू नये. मला हे लई पटलं, कारण आपल्या उसात तर चार फुटांवरचा माणूस दिसत नाही आणि फडापलीकडं लगेच घरं.

आणि बोअरची बंदी हे काय आत्ताचं नाही. १९०७ साली इंग्रज सरकारनं हिंदुस्थानात आणि सुदानमधे .४५० ची काडतुसं बंद केली, कारण बंड करणाऱ्यांच्या हातातल्या मार्टिनी-हेन्री ह्या जुन्या फौजी रायफलींना तसली गोळी वापरता यायची. मग लंडनच्या बंदूकवाल्यांनी राजेरजवाड्यांच्या शिकारीसाठी .४६५, .४७० असे नवीनच बोअर पुढं आणले. न्यू पॅलेसच्या म्युझियममधे पेंढा भरलेले वाघ आणि गवे बघताना आपण ते कुणी मारले एवढंच विचारतो, पुढच्या वेळी तिथल्या बंदुका जवळ जाऊन बघा.

बारा बोअरचं काम वेगळं होतं. आजोबांच्या नावानं पीकसंरक्षणाचं लायसन होतं, ते वडिलांकडं आलं, आता पुढची प्रोसिजर. २०१९ च्या दुरुस्तीनं एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात आणि लायसनची मुदत तीनवरून पाच वर्षं झालीय, हे मामांनी न विचारता सांगितलं. जादा असलेली जमा करायची. .३०३ सामान्य माणसाला मिळत नाही कारण ती फौजेची बोअर, म्हणून तर इशापूरच्या कारखान्यानं .३१५ ची स्पोर्टिंग रायफल काढली, पाच काडतुसांची. भावानं तिचीही चौकशी केली, तर "ती गोळी फड ओलांडून पुढच्या गावात जाईल दादा" एवढंच म्हणाले आणि विषय बंद. बारा बोअरची नळी साफ करून, घोड्याची स्प्रिंग बदलून दिली, पैसे वाजवी घेतले आणि जुनी स्प्रिंग कागदात गुंडाळून परत दिली, हे मला फार आवडलं.

आता पुतणीचं. मी बजेट काढूनच गेलेलो, म्हटलं पोरीला चांगलंच घेऊया. मामांनी बाहेरून येणाऱ्या मॅच रायफलची किंमत सांगितली, लाखांतच, आणि लगेच म्हणाले एवढ्यात घेऊ नका, वर्षभर क्लबच्या रायफलवर शिकू दे, तिची उंची अजून वाढायचीय, बट (खांद्याला टेकवायचा दस्ता) आणि गालाची पट्टी आत्ता जुळवली तरी परत बदलावी लागेल. त्याऐवजी चपट्या डोक्याचे मॅच छरे घ्यायला लावले. साधा टोकदार छरा आणि हा चपटा छरा दोन्हींनी पडलेली भोकं त्यांनी कार्डावर दाखवली, टोकदारनं कागद फाटून कडा आत वळलेल्या आणि चपट्यानं पंचिंग मशीननं पाडावं तसं स्वच्छ गोल भोक. १० मीटरवरच्या टार्गेटचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, तिथं फाटक्या भोकानं गुण कसे मोजणार. पोरगी ते कार्ड मागून घेऊनच घरी आली. ज्या जिल्ह्यानं नेमबाज तेजस्विनी सावंत दिली, राही सरनोबत दिली, आणि कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमधे ५० मीटर रायफल थ्री पोझिशनला ब्राँझ आणलं, तिथल्या पोरांना बंदुकीबद्दल असं सांगणारा माणूस मिळायलाच पाहिजे.

अर्धा स्टार कापला तो दोन कारणांनी. मॅच छरे कायम नसतात, फोन करून जायला लागतं, आणि फोन उचलतीलच असं नाही. आणि हे सगळे नियम मामांच्या तोंडात आहेत, भिंतीवर नाहीत. एक मराठी बोर्ड लावा की मामा, .१७७ काय, .२२ काय, लायसन कुणाला, तर दुकानात न येणाऱ्यालाही फोटो काढून पाठवता येईल. मी सांगून आलोय, बोर्डाचा खर्च लागला तर मी देतो.

जाताना आधारची झेरॉक्स न्या, एअरगनलाही नोंद करून घेतात. बारा बोअर नेणार असाल तर लायसनचं ओरिजिनल पुस्तक पाहिजे, नुसता मोबाईलमधला फोटो दाखवला तर हात लावत नाहीत. दुपारी जेवायला बंद असतं, आणि गाडी लावायला समोर जागा नाही, जरा लांब लावून चालत यावं लागतं.