कवरत्ती की कॅम्पबेल बे? नागपूरहून बेटावर राहायला जाणाऱ्यांसाठी

बदलीच्या यादीत ही दोन नावं आली की घरात आधी समुद्रकिनाऱ्याच्या गप्पा सुरू होतात. त्या थोड्या बाजूला ठेवा. पाणी, दवाखाना आणि जहाज या तीन गोष्टींवर निर्णय घ्या.

कवरत्ती ही लक्षद्वीपची राजधानी. जेमतेम 4 चौरस किलोमीटर, 2011 च्या जनगणनेत वस्ती 11 हजारांच्या आसपास. कॅम्पबेल बे अंदमान-निकोबारमधल्या ग्रेट निकोबार बेटावर आहे. ते बेट 900 चौरस किलोमीटरहून मोठं आहे, डोंगर, घनदाट जंगल आणि नद्या आहेत, पण माणसं कवरत्तीपेक्षा कमी. बराच भाग शोंपेन आणि निकोबारी आदिवासींसाठी राखीव असल्याने तिथे विनापरवाना जाता येत नाही.

पाण्यात कॅम्पबेल बे सरळ पुढे आहे. कवरत्तीला नदी नाही. पावसाचं पाणी प्रवाळाच्या वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखं तरंगतं. विहिरीवर मोठा पंप लावून एकदम उपसा केला की खालचं खारं पाणी वर येतं. उन्हाळ्यात तर चहाचीही चव बदलते. शौचालयाची टाकी विहिरीजवळ असेल तर तेच पाणी दूषित होतं, कारण पाणी फार खोल नसतंच. 2005 पासून तिथे समुद्राच्या पाण्यापासून दिवसाला एक लाख लिटर गोडं पाणी करणारा प्रकल्प आहे. खोली बघताना दोनच प्रश्न विचारा: गोड्या पाण्याची जोडणी आहे का, आणि छतावरचं पावसाचं पाणी साठवायला टाकी आहे का.

दवाखान्यात मात्र कवरत्ती बरी. तिथे इंदिरा गांधी रुग्णालय आहे आणि गंभीर रुग्णाला हेलिकॉप्टरने कोचीला नेतात. कॅम्पबेल बेहून श्री विजयपुरम, म्हणजे जुनं पोर्ट ब्लेअर, 500 किलोमीटरहून दूर. हवामान बिघडलं की दोन्हीकडे हेलिकॉप्टर अडकून पडतं, पण तिकडे अंतरामुळे प्रश्न जास्त बिकट होतो. घरात हृदयरोगी, गरोदर बाई किंवा दम्याचं लेकरू असेल तर आमचं मत स्पष्ट आहे: कॅम्पबेल बे नको. कुठेही गेलात तरी दातांची कामं नागपुरात उरकून घ्या आणि रोजच्या गोळ्या तीन महिन्यांच्या सोबत ठेवा.

कवरत्तीला जायचं तर केरळ एक्स्प्रेसने एर्नाकुलम आणि तिथून जहाजाने 14 ते 20 तास. विमान फक्त अगत्ती या दुसऱ्या बेटापर्यंत. बाहेरच्यांना प्रवेश परवाना लागतो, तो हातात येईपर्यंत तिकीट काढू नका. जहाज प्रवाळकड्याबाहेर थांबलं तर मचव्यात उतरावं लागतं. मचवा लाटेवर वर आला की खलाशी हात धरून ओढतात. त्या क्षणी दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून सामान पाठीवरच घ्या. कॅम्पबेल बेचं जहाज वाटेतल्या बेटांवर थांबत जातं, दोन दिवस सहज जातात. ते लांबलं की दुकानातला कांदा-बटाटा आधी संपतो.

भाषेचं म्हणाल तर कवरत्तीत मल्याळम, कॅम्पबेल बेला हिंदी. 1969 पासून तिथे माजी सैनिकांची कुटुंबं वसवली गेली, त्यात महाराष्ट्रातलीही होती. कवरत्तीत दारूबंदी आहे. शाळेसाठी कवरत्तीत केंद्रीय विद्यालय असल्याने पुन्हा बदली झाली तरी मुलांचं अडत नाही.

सामानाबद्दल एक ताकीद: कूलर नेऊ नका. नागपूरच्या कोरड्या हवेत वाळ्याच्या ताट्या गारवा देतात, बेटावरच्या दमट हवेत त्याच खोली चिकट करतात. लोखंडी कपाटाच्या बिजागऱ्या खाऱ्या वाऱ्याने गंजतात. तूर डाळ आणि सावजी मसाला हवाबंद डब्यात न्या, नाहीतर बुरशी येते. कॅम्पबेल बेला डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे मुलांचं खेळणं दुपारीच उरकावं लागतं. आणि तो भाग भूकंपप्रवण आहे; 26 डिसेंबर 2004 च्या सुनामीने तिथला किनारा उद्ध्वस्त केला होता. घर उंचावरचंच बघा. कवरत्तीत तोही पर्याय नाही, अख्खं बेटच समुद्रापासून काही मीटरच वर आहे.

रुजू व्हायची तारीख मागून घेता येत असेल तर कवरत्तीसाठी ऑक्टोबर ते एप्रिल मागा, कॅम्पबेल बेसाठी फेब्रुवारी ते एप्रिल.